घुमते ती खोली

नवे स्पीकर आणले, टेबलावर मॉनिटरच्या दोन बाजूंना ठेवले, गाणे लावले आणि पहिल्या मिनिटातच बास अंगावर आला. अशा वेळी बहुतेक जण दोष स्पीकरला देतात. मग आणखी महागडे स्पीकर येतात, त्याच खोलीत, त्याच जागी बसतात आणि घुमणे तसेच राहते. माझे कळकळीचे सांगणे आहे की पैसे खर्च करण्याआधी आपली खोली ऐकावी. कारण हा बास बहुधा चार भिंती, छत आणि आपली खुर्ची मिळून घडवत असतात.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर येरझाऱ्या घालते. त्या अंतरात बरोबर अर्धी लहर मावली की जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींना जोर देतात आणि तेवढा एकच स्वर फुगतो. आपल्याकडच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की हा स्वर सापडतो. दहा फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या खोलीत उत्तर येते ५७ हर्ट्झ. आता फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घ्या: दहा बाय दहा, छत साडेनऊ फुटांवर. लांबीचा स्वर ५७, रुंदीचाही ५७, उंचीचा ६०. तिघे एकाच जागी दाटी करतात आणि त्यांच्या दुपटीही ११४ ते १२०च्या दरम्यान पुन्हा एकत्र येतात. दहा बाय चौदाची खोली यापेक्षा बरी, कारण तिचे स्वर विखुरलेले असतात.

हे तपासायला तबल्याचे चांगले ध्वनिमुद्रण पुरते. डग्ग्यावरची मींड खालून वर सरकते तेव्हा तिचा ओघ सलग हवा. ती मध्येच एका ठिकाणी फुगून लगेच बसत असेल, आणि हेडफोनवर तसे होत नसेल, तर ती वादकाच्या हाताची करामत नाही, खोलीची आहे.

अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, जिप्समचे तक्ते ठोकलेल्या घरांत हा त्रास काहीसा कमी होतो. त्या भिंती किंचित थरथरतात, बासची थोडी ऊर्जा खातात, थोडी बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल. बासला पळवाट मिळते ती दारा-खिडक्यांमधून. म्हणून पहिला प्रयोग अगदी साधा आहे: दार उघडा आणि पुन्हा ऐका. फरक बऱ्याचदा लगेच कळतो.

लोक मात्र आधी फोम विकत घेतात. तो का फसतो हे समजायला हार्वर्ड विद्यापीठातली एक हकिकत उपयोगी पडते. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही. १८९५ मध्ये तो दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्याने रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि दर वेळी नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजले. वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांनी घातला. पण त्याच्या नळीचा स्वर ५१२ हर्ट्झचा होता, म्हणजे लहर जेमतेम ६७ सेंटीमीटरची. आपल्या ५७ हर्ट्झची लहर सहा मीटरची आहे. सच्छिद्र वस्तूने लहर नीट शोषायची तर तिची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास हवी, म्हणजे इथे दीड मीटर. दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे बासपर्यंत पोहोचतच नाहीत. फोम वरचे स्वर मात्र खातो, त्यामुळे उरलेला बास आणखी डोईजड होतो. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर उभारले तर खरा फरक पडतो, पण पलंग आणि कपाट ठेवल्यावर तेवढी जागा फार थोड्या घरांत उरते.

टेबल सरकवायला मात्र काहीच खर्च नाही. कोपऱ्यातले टेबल सर्वांत वाईट, कारण स्पीकरजवळचा प्रत्येक मोठा पृष्ठभाग बासमध्ये जास्तीत जास्त ६ डेसिबलची भर घालू शकतो. तेच टेबल भिंतीच्या मधोमध आणले तर आणखी एक लाभ होतो. डाव्या-उजव्या भिंतींमधल्या ५७च्या स्वराचा दाब खोलीच्या मध्यरेषेवर जवळजवळ शून्य असतो आणि आपले डोके नेमके त्या रेषेवर येते. दोन जुळ्या स्वरांपैकी एक आपल्या कानांपुरता मिटतो. पुढे-मागे मात्र खोलीच्या ऐन मध्यावर बसू नये, तिथे बास फारच ओसरतो, आणि मागच्या भिंतीला टेकलात तर तो सर्वांत जास्त. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्के अंतरावर, म्हणजे इथे पावणेचार फुटांवर डोके ठेवून सुरुवात करावी असा स्टुडिओवाल्यांचा आडाखा आहे.

‘स्पीकर भिंतीपासून दूर ओढा’ हा लोकप्रिय सल्ला छोट्या खोलीत मला पटत नाही. वूफर भिंतीपासून तीन फुटांवर आणला, तर भिंतीवरून परतणारी लहर ९५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडून काढते. उभारी जाते आणि खड्डा पडतो. त्यापेक्षा स्पीकर भिंतीजवळच ठेवून बास यंत्राने कमी करावा. मागे हवेचे भोक असेल तर चार बोटे जागा सोडावी. त्या भोकात फोमचा बोळा घातला तरी खालचा घुमारा उतरतो. कित्येक स्टुडिओ स्पीकरांना मागे यासाठीच बटण असते. यामाहाच्या एचएस मालिकेत ते २ किंवा ४ डेसिबल कपात करते.

यानंतर उरलेल्या फुगवट्यासाठी इक्वलायझर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत मिळतो. मोजमापासाठी रूम ईक्यू विझार्डही मोफत आहे. मोजणीचा माइक नसेल तर शुद्ध स्वर ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत सावकाश चढवत न्यावा आणि कुठे फुगतो ते टिपावे. फोनच्या माइकवर इतक्या खाली विसंबू नये. मग ५७ला ५-६ डेसिबलची अरुंद कपात करावी. बासचे सरसकट बटण पिळले तर निर्दोष स्वरही मारले जातात. खड्डे मात्र भरायला जाऊ नये. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते, आणि परतणारी लहरही तेवढीच वाढत असल्याने खड्डा तसाच राहतो.

सबवूफर असेल तर त्याची पातळी आधी पुरती खाली आणून हळूहळू वाढवावी आणि त्याच्याखाली जाड रबर घालावे. तो जमिनीला जो धक्का देतो तो स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते मोजमाप कानाच्या संवेदनेनुसार भारित असते आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. मीटरवर आकडा निमूट दिसला तरी खालच्या आजींची झोप मोडलेली असू शकते. त्यातच हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. रात्री आवाज कमी केला की हात आपोआप बास वाढवायला जातो आणि तीच मांडणी दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात पुन्हा घुमते. म्हणून इक्वलायझरमध्ये दिवसाची आणि रात्रीची मांडणी वेगवेगळी जपून ठेवावी. रात्रीच्या मांडणीत ४० हर्ट्झखालचे सगळे छाटून टाकावे आणि सबवूफर बंद ठेवावा.