निराधारच्या पगारात घर

आपल्या परभणी जिल्ह्यात संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला कुणी अनुदान म्हणत नाही. ‘निराधारचा पगार आला का?’ असेच विचारतात. हा पगार 2023 मध्ये 1,500 रुपये झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी 2,500. वाढ मोठी आहे, नाही म्हणता येणार नाही. पण भाड्याची खोली शोधायला निघाले की तिचा अर्थ कळतो. समजा भाडे 1,500 रुपये. उरले 1,000, म्हणजे दिवसाला 33 रुपये. त्यात पीठ, औषध, विजेचे बिल. शिवाय पगार कधी दोन महिन्यांचा एकदम येतो; घरमालकाला मात्र भाडे महिन्याच्या महिन्याला हवे. स्वस्त खोली असते ती जिना चढून किंवा तीनचाकी न शिरणाऱ्या बोळात, आणि संडास सामायिक.

मग हक्काचे घरकुल? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 37 नुसार घरांच्या आणि जमीनवाटपाच्या योजनांत 5 टक्के राखीव जागा आहेत, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. अट किमान 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. खेड्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. स्वतः उभे राहून बांधून घेता येत नसेल, तर ते घर गवंडी प्रशिक्षणात घेऊन बांधून द्यावे, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ही गोष्ट ग्रामसेवक आपण होऊन सांगेल, अशी वाट पाहू नये. अर्जातच लिहावी. याद्यांवर ग्रामसभेत चर्चा होते, आणि नेमक्या त्याच दिवशी आपले लोक घरी बसलेले असतात.

खरी अडचण जागेची. घरकुल मंजूर झाले तरी पायाखाली स्वतःची जमीन लागते. जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्याची योजना आहे. गटविकास अधिकाऱ्यांकडे तिची चौकशी करावी.

आता थोडे आपल्या घरातले. शरीअतमध्ये आंधळ्या, लंगड्या किंवा मुक्या वारसाचा हिस्सा कणभरही कमी होत नाही. अपंग बहिणीलाही ती सुदृढ असती तर मिळाला असता तेवढाच हिस्सा आहे. प्रत्यक्षात अब्बांच्या पश्चात घर भावांच्या नावावर चढते आणि आपाला ओसरीचा कोपरा मिळतो. ‘तिला सांभाळतोच आहोत की,’ हे उत्तर तयार असते. पण सांभाळणे निराळे आणि हिस्सा निराळा. उद्या भावाने घर विकले, तर आपाने कुठे जावे? नावावर जागा असेल तर त्याच जागेवर घरकुलही मागता येते. भाड्यासाठी दारोदार फिरणाऱ्या किती जणांचे घर असे आपल्याच अंगणात अडकले असेल!

मोहल्ल्याच्या कमिटीनेही थोडे हिशेबी व्हावे. रमजानमध्ये धान्याची पिशवी मिळते, पण गरजू दिव्यांगाला घरमालकाला द्यायची अनामत रक्कम जकातीतून दिली, तर वर्षाची चिंता मिटते. ग्रामपंचायत आणि महापालिकेलाही स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून काय झाले, हे लेखी विचारता येते.

सुरुवात मात्र एका कागदापासून करावी. खेड्यात ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा, शहरात भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावे आणि त्यावर आपाचे नाव आहे का ते पाहावे.