वस्तू बोलतात, ऐकणारा हवा

शाळेची सहल वस्तुसंग्रहालयात शिरते तेव्हा काय घडते, हे वाचकांनी पुष्कळदा पाहिले असेल. दोन-दोन मुलांची रांग, पुढे एक गुरुजी, मागे एक बाई, आणि ‘चला, पुढे चला, हात लावू नका’ हा अखंड घोष. तासाभरात सारी दालने संपतात व मंडळी बाहेर झाडाखाली डबे उघडून बसतात. दुसऱ्या दिवशी निबंध येतात. त्यांत पाट्यांवरचा मजकूर असतो. वस्तू मात्र कोठेच नसते.

शिक्षक असताना मीही अशी एक सहल वडोदऱ्याच्या संग्रहालयात नेली होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेली ही वास्तू १८९४ साली पूर्ण झाली. तेथे निळ्या देवमाशाचा सुमारे ७२ फूट लांबीचा सांगाडा आहे. १९४४ साली भरतीबरोबर हा प्राणी मही नदीच्या मुखात आला होता. आमच्या रांगेतील एक मुलगा त्या सांगाड्यापाशी थबकला आणि म्हणाला, “गुरुजी, एवढ्या मोठ्या जबड्यात एकही दात कसा नाही?” मी घड्याळाकडे पाहिले व ‘नंतर सांगेन’ असे म्हणून त्यास पुढे ढकलले. खरे सांगावयाचे तर उत्तर मलाच ठाऊक नव्हते आणि ते कबूल करण्याचे धैर्यही माझ्यापाशी नव्हते.

पुढे मी ते शोधून काढले. पृथ्वीवरील हा सर्वांत मोठा प्राणी कोळंबीसारख्या इवल्या जीवांवर जगतो. त्याच्या वरच्या जबड्याला, आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याच्या, पट्ट्यांची झालर असते. तोंडभर पाणी घ्यावयाचे, ते झालरीतून बाहेर लोटावयाचे आणि आत अडकलेले जीव गिळावयाचे, अशी त्याची रीत. मग दात हवेत कशाला? या एका प्रश्नात प्राणिशास्त्राचा संपूर्ण धडा दडलेला होता. समुद्राचा प्राणी नदीच्या मुखात कसा आला, असे त्याने विचारले असते, तर खंबायतच्या आखातातील उत्तुंग भरतीचा भूगोलही सहज उलगडला असता. धडा समोर उभा होता. मीच त्याच्या आड आलो.

वस्तूपासून शिकविण्याचा विचार नवा नाही. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले. नुसत्या शब्दापेक्षा वस्तू, आणि वस्तू नसेल तेथे तिचे चित्र, मुलाच्या डोळ्यांपुढे असावे, ही त्यामागील भूमिका. आपल्याकडे सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यांच्याच राजधानीत वस्तुसंग्रहालयही उभे राहिले. शाळा व संग्रहालय ही एकाच घराची दोन दारे आहेत, असे मला वाटते. वडोदऱ्याच्या विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो या परंपरेस साजेसाच म्हटला पाहिजे.

मग शिकवावे कसे? दहा दालनांऐवजी तीनच वस्तू निवडाव्या. पाटी झाकावी. पहिली पाच मिनिटे कोणी बोलू नये, फक्त पाहावे. नंतर क्रमाने विचारावे: ही कशाची केली आहे? कोठे झिजली आहे? कोणाच्या हाती असेल? काय तुटले किंवा हरवले आहे? पाटी सर्वांत शेवटी वाचावी, म्हणजे मुलांना आपला तर्क पडताळून पाहता येतो.

जुन्या गोव्यात असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथील वीरगळ पाहा. दगडावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. मुले सवयीने वरून वाचू लागतात आणि गोंधळतात. खालून वाचा म्हटले की कथा उलगडते: तळाशी युद्ध, मध्ये वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, शिखरावर देवाच्या सन्निध बसलेला वीर. गोव्याच्या काही वीरगळांवर नौकाही कोरलेल्या आहेत. कदंबांचे राज्य समुद्रावरही लढत होते, हे मग कोणी घोकून घ्यावे लागत नाही.

काही वस्तू संग्रहालयाबाहेरच असतात. वाईजवळच्या मेणवलीस, कृष्णेच्या घाटावर, एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मरियामाता व बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. मुलांनी वजाबाकी करावी: ओतल्यापासून वसई पडेपर्यंत ३२ वर्षे. ‘ही घंटा कोणाची?’ असे एखादे मूल विचारील. उत्तराची घाई करू नये. ज्यांनी ती ओतली त्यांची भक्ती, ज्यांनी ती जिंकली त्यांचा पराक्रम आणि ज्यांनी ती न मोडता देवळात टांगली त्यांचा आदर, ही तिन्ही त्या धातूत आहेत. पाठ्यपुस्तकातील ओळ बहुधा एकच बाजू घेते. घंटा मात्र ऐकणाऱ्यास सगळेच सांगते. अर्थात वस्तूवरून काढलेला तर्कही चुकू शकतो, म्हणून ग्रंथाची जोड हवीच.

संग्रहालय दूर असेल तर घरातील जुनी पेटी उघडा. आजीच्या डब्यात मधोमध भोक असलेला एक पैसा सापडेल. १९४३ ते १९४७ या काळात असे पैसे पाडले जात. भोक कशासाठी, हे मुलास आधी तर्काने सांगू द्या. महायुद्धात धातूची टंचाई होती व प्रत्येक पैशामागे थोडा धातू वाचत होता, हे कळल्यावर तेच महायुद्ध त्याच्या तळहातावर येऊन बसेल.

त्या मुलास मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकलो नाही. मला ते सापडले तोवर तो शाळा सोडून गेला होता. म्हणून पालकांस व शिक्षकांस एवढीच विनंती आहे. मूल एखाद्या वस्तूपाशी थबकले की आपणही थबकावे. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे म्हणावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही आणि मुलाचा प्रश्न जिवंत राहतो.