फोनमधलं डेटाबेस ॲप कसं निवडायचं? मावशीच्या बचत गटाकडून शिकलेलं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ-अडखळ काढून टाकली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. डेटाबेस. म्हणजे सर्व्हरवाला नाही, खिशातल्या फोनवर आपणच बनवायचा आणि आपणच वापरायचा तो. क्लासची फी, दुकानाची उधारी, भिशी, क्रिकेट टीमची वर्गणी, काहीही.

मी बीटेक केलंय, रोजचं काम डेटाबेसशीच. तरी हे ॲप निवडताना मी सपशेल आपटलो. ते आधी सांगतो.

माझी मावशी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. १४ बायका, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत, शिवाय कर्जाचे हप्ते. सगळं एका लांब वहीत. मावशी म्हणाली, "अरे, तू एवढा कॉम्प्युटरवाला, हे फोनवर करून दे की." मी दहा मिनिटांत गुगल शीट्समध्ये तक्ता करून दिला. आडव्या ओळीत बाई, उभ्या रकान्यात महिना. आणि ऐटीत सांगितलं, "मावशी, वही आता बंद."

तिसऱ्याच महिन्यात बैठकीत वाद. एका बाईने ५०० रुपयांचा हप्ता दिला होता, पण शीटमध्ये तिच्या नावापुढे काहीच नाही. मावशी घामाघूम. पेटीतली रोकड मोजली, तर शीटच्या बेरजेशी तंतोतंत जुळली! मग पैसे गेले कुठे? शेवटी शेजारी बसलेली बाईच म्हणाली, "माझ्यापुढे ५०० दिसतायत, पण मी तर या महिन्यात हप्ता भरलाच नाही."

झालं काय, तर छोट्या स्क्रीनवर मावशीचं बोट एक ओळ खाली पडलं. रकाना तोच, ओळ दुसरी. त्यामुळे बेरीज बरोबर आणि हिशोब चूक. ती दुसरी बाई बोलली नसती तर? वही मीच बंद करायला लावली होती. मावशी मला काही बोलली नाही, पण त्या बैठकीत तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं ते तिने मला फोनवर सांगितलं. चूक मावशीच्या बोटाची नव्हती, माझ्या निवडीची होती.

आता मुद्द्याकडे येऊ. शीट्स वाईट आहे का? अजिबात नाही. पण तो तक्ता आहे, मोठ्या पडद्यासाठी. फोनवर आपल्याला हवा असतो फॉर्म: एका वेळी एकच नोंद समोर, वर नाव मोठ्या अक्षरात, खाली तारीख, रक्कम, प्रकार. दुसऱ्याच्या ओळीत बोट जायला जागाच नको. निवडीची पहिली कसोटी ही.

ही अडचण जुनीच आहे. १९९६ साली पाम कंपनीचा 'पायलट' नावाचा हातात मावणारा कॉम्प्युटर आला. सुरुवातीच्या मॉडेलला मेमरी १२८ केबी. आज व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. तरी लोक त्यावर याद्या आणि नोंदी ठेवायचे, कारण थोडी माहिती, मोजकी बटणं आणि पटकन सापडणं यावर सगळा भर होता. मेमरी वाढली, बोट तेवढंच राहिलं.

दुसरी कसोटी, नेट नसताना चालतं का? गावातल्या समाजमंदिरात रेंज येते-जाते. एअरटेबल दिसायला फार छान आहे, पण ते नेटवरच जगतं. शीट्सला ऑफलाइन ठेवता येतं, पण ते आधी आठवणीने चालू करावं लागतं. फोनवरच डेटा ठेवणारी ॲप्स इथे पुढे असतात. अशा बऱ्याच ॲप्सच्या पोटात एसक्यूलाइट नावाचं इंजिन असतं. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली आणलं. फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आधीपासूनच असतं, आणि त्याचा अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण रोज वापरता.

तिसरी कसोटी, दोन याद्या जोडता येतात का? इथे थोडं लक्ष द्या. माझ्या तक्त्यात दर महिन्याला नवा रकाना लागायचा. वर्षाला १२, आणि हप्त्याचे वेगळे. खरी रचना अशी: एक यादी सभासदांची, १४ नोंदी. दुसरी यादी व्यवहारांची. प्रत्येक व्यवहारात सभासद टाइप करायचा नाही, पहिल्या यादीतून निवडायचा. फायदा? 'सुनीता' आणि 'सुनिता' या फोनसाठी दोन वेगळ्या बायका आहेत. यादीतून निवडलं की हा घोळ संपला. वर्षाच्या बचतीच्या १६८ नोंदी होतात, आणि सुनीतावर टॅप केलं की फक्त तिच्या १२ दिसतात.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: डेटा बाहेर काढता येतो का? ॲप बंद पडेल, फोन पाण्यात पडेल. सीएसव्ही फाइल काढता आली पाहिजे. एक गंमत लक्षात ठेवा: मराठी मजकुराची सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तर कधी कधी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. घाबरू नका, डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. उघडताना यूटीएफ-८ निवडायचं.

मग आम्ही काय घेतलं? मावशीचा फोन अँड्रॉइड, म्हणून मेमेंटो डेटाबेस. फॉर्म आहे, याद्या जोडता येतात, नेटशिवाय चालतं. तुमच्यासाठी उत्तर वेगळं असू शकतं. पाच जणांनी एकाच वेळी नोंदी करायच्या असतील, तर शीटवरून ॲप बनवून देणारं ॲपशीट बघा. आणि फक्त किराण्याची यादी असेल तर नोट्स पुरे, उगाच डेटाबेस नको.

कुठलंही ॲप घेण्याआधी ही पाच मिनिटांची परीक्षा घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका. उभं राहून, एका अंगठ्याने तीन नोंदी करा. एक मुद्दाम चुकवा आणि दुरुस्त करा. एक शोधून काढा. मग फाइल बाहेर काढून दुसऱ्या फोनवर उघडा. आणि ही परीक्षा तुम्ही देऊ नका, जो रोज वापरणार आहे त्याला द्यायला लावा. मी ती मावशीकडून घेतली नव्हती, तिथेच फसलो.

रकाने कमी ठेवा. मी आधी अकरा ठेवले होते, मावशीने चारवर आणले: सभासद, तारीख, रक्कम, प्रकार. आधार नंबर तर अजिबात साठवू नका. हिशोबाला तो लागतच नाही, आणि फोन हरवला तर १४ जणींची डोकेदुखी.

आता बैठकीत मावशी नोंद करते, स्क्रीन त्या बाईला दाखवते, आणि मगच तिच्या पासबुकावर सही करते. महिन्याअखेरीस फाइल अध्यक्षांच्या फोनवर जाते. आणि हो, वही परत सुरू झाली आहे. या वेळी मी काही बोललो नाही.

तुम्ही कशाचा हिशोब फोनवर ठेवता? आधी कागदावर चार रकाने आखून बघा, मग ॲप शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बॅकअपसुद्धा!