दगडावर कोरलेली शिवी

मुंबईत परळला सापडलेला शके ११०८चा, म्हणजे इ.स. ११८७चा, शिलालेख शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला आहे. दानाचा तपशील संस्कृतात. पण दान मोडणाऱ्याला दम भरायची वेळ आली, की लेख सरळ मराठीत उतरतो आणि त्याच्या आईला गाढवावरून शिवी देतो. संस्कृत कळणारे मोजकेच, ही शिवी मात्र गावात सगळ्यांना कळणार होती.

अशा शिळांना गधेगाळ म्हणतात. कोकणात त्या बऱ्याच सापडल्या आहेत, देशावर आणि गोव्यातही आहेत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर दान चालावं. मध्ये मजकूर आणि खाली स्त्रीशी संग करणारं गाढव. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही चित्र पाहून अर्थ कळे. जमीन लाटणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हा अन्यायही त्याच दगडावर कोरलेला आहे.

इथे गाढवाच्या अकलेचा विषयच नाही. गाढव म्हणजे अप्रतिष्ठा. गुन्हेगाराची धिंड गाढवावरूनच निघे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३०च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवल्याचं सांगतात. वस्ती पुन्हा उठू नये, असा त्याचा अर्थ. जिजाबाईंनी बाल शिवाजीराजांच्या हस्ते सोन्याचा नांगर फिरवला, तो हा कलंक पुसण्यासाठीच.

मूर्खपणाचा शिक्काही काही आजचा नाही. वाघाचं कातडं पांघरून शेत खाणारं आणि ओरडून स्वतःच पकडलं जाणारं गाढव पंचतंत्रात आहेच. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण घरोघरी आहे. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ यातलं गाढव तर माणूसच असतं, बहुधा खुर्चीवर बसलेला.

प्रत्यक्षातलं गाढव वेगळं आहे. धोका जाणवला की घोडा उधळतो, गाढव जागच्या जागी थांबून अंदाज घेतं. त्या सावधपणाला आपण हट्ट म्हणतो आणि वर दांडका घालतो. कुंभाराची माती, बेलदाराचा दगड, परटाचे कपडे याच पाठीवरून गेले. त्याची कदर एकनाथांनी केली. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे.

पौष पौर्णिमेला जेजुरीत आजही गाढवांचा बाजार भरतो. पण २०१९च्या पशुगणनेत देशभरात जेमतेम सव्वा लाख गाढवं उरली होती. २०१२पासूनच्या सात वर्षांत संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली.

गधेगाळांचीही आबाळच आहे. कुठे त्यांना शेंदूर फासून देव केलंय, कुठे अश्लील म्हणून पालथं घातलंय, कुठे त्या बांधकामात गडप झाल्यात. आपल्या गावाच्या वेशीवर, देवळामागे चंद्र-सूर्य आणि गाढव कोरलेला दगड दिसला, तर तो हलवू नका, रंगवू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.