खरे, पण ललित!

आमच्या वाशीमला बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला बालाजीचे देऊळ आणि पद्मतीर्थ दाखवायचे, हा घरोघरचा रिवाज आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! त्यामुळे आमच्या पाहुण्याला आणखी एक गोष्ट मुकाट्याने ऐकून घ्यावी लागते. "या गावात फार पूर्वी एक लग्न झाले होते..." अशी मी सुरुवात केली, की आमची सौ. चहाचे निमित्त करून हळूच आत निघून जाते. तिने ते लग्न माझ्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकले आहे.

ते लग्न असे. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले होते. पुढे, सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी, राजशेखर नावाच्या पंडिताने 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत तो सांगतो, की सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष एकदा रुसून घर सोडून निघाला. त्याला आवरावे कसे? तेव्हा गौरीने साहित्यविद्या नावाची एक वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. पूर्वेकडे गेल्यावर तो लांबलचक समास आणि अनुप्रासांनी लगडलेली भाषा बोलला. पण वधूवर काही त्याचे मन बसले नाही. पांचाल देशात समास थोडे कमी झाले, मनही थोडे वळले. असे करीत करीत दोघे विदर्भात आली. इथे त्याच्या बोलण्यातले समास गळून पडले, अनुप्रास आपापल्या जागी बसले, आणि स्वारी पुरती विरघळली! दोघांचे लग्न लागले ते आमच्या वत्सगुल्मात. या साध्या, प्रसन्न रीतीला 'वैदर्भी' म्हणतात. राजशेखराच्याच 'कर्पूरमंजरी'त तिचे प्राकृत नाव येते 'वच्छोमी', म्हणजे वत्सगुल्माची.

पाहुणे मान डोलावतात. मीही वर्षानुवर्षे ही गोष्ट चवीने सांगत आलो. पण तिचा खरा अर्थ मला उमगला तो गेल्या वर्षी, आणि तोही रिसोड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीमुळे.

बी. ए. च्या वर्गाला मी ललित गद्य शिकवीत होतो. कादंबरी आणि कथा कल्पित असतात. बातमी आणि अहवाल खरे असतात. या दोहोंच्या मधल्या बांधावर उभे असते ते ललित गद्य. व्यक्तिचित्र, आठवणी, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, लघुनिबंध ही सारी त्याची लेकरे. माल खऱ्या आयुष्यातला, पण मांडणी मात्र कथाकाराची. ही मांडणी कशी होते ते सांगण्यासाठी मी फळ्यावर शब्द लिहिले : निवेदक, प्रसंग, तपशील, संवाद, सूर, घाट, चिंतन. मुलांनी ते इमानेइतबारे उतरवून घेतले.

नुसते शब्द उतरवून काय होते? म्हणून मी उदाहरणे दिली. 'निवेदक' म्हणजे सांगणारा 'मी'. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या बंडाळीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि पंचवीसएक वर्षांनी 'माझा प्रवास' लिहिला. इतिहासाची पुस्तके झाशीबद्दल पुष्कळ सांगतात. पण घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने निघालेला, आणि परतताना आईबापांच्या स्नानासाठी गंगेची कावड वाहून आणणारा भिक्षुक त्या पुस्तकांत कुठून भेटणार? तो 'मी' आहे म्हणून झाशी आपल्याला दिसते.

'सूर' पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. वडिलांचे कडक सोवळे, नवऱ्याने केलेले धर्मांतर, त्यानंतरचा विरह हे सांगताना दुसरी कोणी बाई ओक्साबोक्शी रडली असती. लक्ष्मीबाई हसतात, आपल्यालाही हसवतात. आणि पान उलटल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते.

वर्ग खूष झाला आणि मीही खूष झालो! मग मी 'माझी आई' या विषयावर व्यक्तिचित्र लिहून आणायला सांगितले. चाळीस वह्या आल्या. त्यांतल्या एकोणचाळीस वह्यांतली आई एकच होती. ती वात्सल्याचा सागर होती, मांगल्याची मूर्ती होती, त्यागाची ज्योत होती. सागर, मूर्ती आणि ज्योत यांच्या गर्दीत आई मात्र कुठे दिसेना.

चाळिसावी वही त्या मुलीची. तिने लिहिले होते, की दसऱ्यापासून माय लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जाते. वाळलेल्या शेंगांची टोके सुईसारखी टोचतात, म्हणून ती बोटांना चिंध्या बांधते. रात्री कणीक भिजवताना मीठ मात्र मुलीला घालायला लावते, कारण बोटे चुरचुरतात. सोंगणी संपली त्या रात्री मायने मजुरीचे पैसे दिव्याजवळ बसून मोजले. मग पुन्हा मोजले. त्यांतले परीक्षेच्या फीचे वेगळे काढून पदराला गाठ मारली. बस्स, इतकेच.

लेखन मला आवडले. पण शेवट कोरडा वाटला. मी तिला बोलावून म्हटले, "छान लिहिलंस हो! फक्त शेवटी एक वाक्य घाल. 'त्या रात्री मायच्या डोळ्यांना धार लागली.' बघ कसा उठाव येतो!"

ती थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "पण सर, माय रडलीच नाही. तिनं पैसे मोजले. दोनदा."

वाचकहो, मी त्या मुलीला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण घरी जाताना मला वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर वर्षभराने मी त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले. ते छापूनही आले. शेवटी मी लिहिले होते, की ते गेले तेव्हा छातीवर उघडे पुस्तक होते आणि ओठांवर एक ओवी. पुष्कळांनी पाठ थोपटली. मोठ्या हौसेने मी ते आईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "छान आहे रे. पण हे कोण?"

कारण वडील तसे गेलेच नव्हते. शेवटच्या रात्री त्यांनी फक्त विचारले होते, "दूधवाल्याचे पैसे दिले का?" मला ते वाक्य क्षुल्लक वाटले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाची एका दिवसाची उधारी ठेवली नाही, तो आणखी काय विचारणार? ते एका वाक्यात सबंध सापडत होते. आणि मी ते वाक्य पुसून तिथे एक उसना संत आणून बसवला. आईच्या नवऱ्याला मी तिच्यादेखत दुसऱ्यांदा नाहीसे केले होते.

त्या मुलीचे उत्तर ऐकल्यावर मी 'लीळाचरित्र' पुन्हा काढले. तेराव्या शतकाच्या अखेरीस आमच्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. बाकीच्यांसाठी म्हाइंभट पायपीट करीत एकेकाला जाऊन भेटले. स्वामी कुठल्या देवळात उतरले, कोण काय बोलले, हे त्या त्या माणसाकडून ऐकून त्यांनी लिहिले. मराठीतले हे पहिले मोठे गद्य चरित्र. प्रसंग छोटे, संवाद नेमके, अलंकार जवळजवळ नाहीतच. मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि ती आठवणींतून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. एखाद्याची आठवण निराळी असेल, तर ती दडपून न टाकता पोथीत 'वासना' म्हणून वेगळी नोंदलेली दिसते. केवढा हा प्रामाणिकपणा! स्वामींवर त्यांची नितांत भक्ती. भक्ताला पदरचे घालायचा मोह किती झाला असेल! त्यांनी तो आवरला, म्हणून सातशे वर्षांनंतरही स्वामींचा आवाज आपल्या कानी पडतो.

यंदा वर्गात तेच शब्द मी पुन्हा फळ्यावर लिहिले. पण शिकवले निराळे. प्रसंग निवडावा, रचू नये. हजार तपशिलांतून एक उचलणे ही कला आहे. हजार एकावा घरी तयार करणे ही लबाडी. संवाद आठवतो तेवढाच द्यावा. अंधुक असेल तर 'मला आठवते ते असे' म्हणावे, वाचक रागावत नाही. घाट म्हणजे काय आधी सांगायचे आणि कुठे थांबायचे ते. पैसे मोजून झाले की थांबावे. चिंतन लेखकाचे स्वतःचे असते, तिथे त्याला मोकळे रान आहे. पण ते मायच्या तोंडी घालू नये. आणि समास, अनुप्रास, सागर, मूर्ती, ज्योत? काव्यपुरुष पूर्वेकडे हे सारे बोलून पाहून आला होता. वधूचे आणि त्याचे जमले ते वत्सगुल्माला पोचल्यावरच!

गेल्या महिन्यात मी वडिलांचे व्यक्तिचित्र पुन्हा लिहिले. ओवी काढली, पुस्तक काढले. शेवटी दूधवाला आणला. "दुसऱ्या दिवशी आईने त्याचे एकशे पंचवीस रुपये चुकते केले," असा शेवट केला. आईला आता कमी दिसते, म्हणून पुन्हा मीच वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "हं. हे तेच." आणि जरा थांबून, "पण पंचवीस नव्हते रे. एकशे वीस."

मला अजूनही पक्के आठवतात ते एकशे पंचवीसच. मी वाद घातला नाही. कागदाच्या समासात लिहून ठेवले : 'आईची वासना : एकशे वीस.'