पराभवाचा हंगाम आणि संघाची पुनर्बांधणी : ‘पुणेरी पलटण’ कबड्डी संघाचा अभ्यास

प्रस्तावना :
कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीतील खेळ आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांतील कन्हेरीसारख्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना तो वेगळा शिकवावा लागत नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला आणि हा खेळ मातीवरून मॅटवर, तसेच हौशी स्पर्धेतून व्यावसायिक लिलावात गेला. व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात संघ नव्याने घडविताना काही काळ पराभव पत्करावा लागतो. असा पराभव अपयश मानावा की गुंतवणूक, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ‘पुणेरी पलटण’ या संघाच्या आधारे केला आहे.

पराभवाचे दोन प्रकार :
2014 व 2015 या पहिल्या दोन हंगामांत पुण्याचा संघ आठ संघांत अखेरच्या स्थानी राहिला. 2016 मध्ये मनजीत छिल्लरसारख्या अनुभवी खेळाडूच्या नेतृत्वाखाली त्याने तिसरे स्थान मिळविले. अनुभव विकत घेऊन पराभव लवकर थांबविता येतो, हे यावरून दिसते. मात्र असे यश टिकतेच असे नाही. 2018 मध्ये संघाला बाद फेरी गाठता आली नाही. 2019 मध्ये भारताचे माजी कर्णधार अनुपकुमार प्रशिक्षक असताना तो बारा संघांत दहाव्या स्थानी राहिला.

या दहाव्या स्थानाचा अर्थ पहिल्या दोन हंगामांतील तळाच्या स्थानापेक्षा वेगळा आहे. 2019 च्या हंगामात पंकज मोहितेसारख्या नवोदित चढाईपटूला मॅटवर संधी मिळाली. पुढील हंगामात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे तरुण खेळाडू पुढे आले. पहिल्या प्रकारच्या पराभवातून हाती काही उरत नाही, तर दुसऱ्या प्रकारच्या पराभवातून खेळाडू उरतात.

तरुण संघ का हरतो? :
याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. एकटा चढाईपटू उपजत चपळाईच्या बळावर गुण मिळवू शकतो, परंतु बचाव ही सात जणांची साखळी असते. कोपऱ्यातील खेळाडूने पाय धरला आणि शेजाऱ्याची साथ अर्ध्या क्षणाने उशिरा आली, तर एकाऐवजी दोन खेळाडू बाद होतात. ही समज एकत्र खेळूनच येते. दोन चढाया निष्फळ गेल्यानंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे बंधनकारक असते. त्या वेळी अननुभवी खेळाडूवर येणारा ताण सरावात निर्माण करता येत नाही. त्यात लोण चढला की सामना हातातून निसटतो.

त्या काळातील गुणपद्धतीही येथे लक्षात घ्यावी लागते. विजयास पाच गुण मिळत, तर सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघास एक गुण मिळे. झुंजून हरणे आणि कोसळून हरणे यांतील भेद नियमांनीच मान्य केला होता.

पुनर्बांधणीचे फलित :
2021-22 च्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. 2022 मध्ये बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने अंतिम फेरी गाठली, परंतु जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 असा पराभव झाला. पुढील हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच्याकडे कर्णधारपद आले. त्याच्या जोडीला इराणचा मोहम्मदरझा शादलू हा महागडा अष्टपैलू खेळाडू घेण्यात आला. साखळीतील 22 सामन्यांपैकी केवळ दोन हरून संघ अव्वल राहिला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव करून प्रथमच विजेता ठरला. येथे विकत घेतलेला अनुभव घडविलेल्या संघाला पूरक ठरला. तो संघाचा पाया नव्हता.

मर्यादा :
हा क्रम अटळ नाही. विजेतेपदानंतरच्या 2024 च्या हंगामात हाच संघ बाद फेरीपासून वंचित राहिला. शिवाय पुनर्बांधणीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. संघमालकाला चार वर्षे थांबता येते, पण कबड्डीपटूची उमेदीची वर्षे मोजकी असतात. पराभवाच्या हंगामात गुडघा दुखावलेल्या खेळाडूच्या वाट्याला पुढचे विजेतेपद येईलच असे नाही. म्हणून ‘संघ घडतो आहे’ हे विधान प्रत्येक पराभवाची सबब होऊ नये. कोणास संधी दिली, त्याच्यात काय सुधारणा झाली आणि त्याच्या दुखापतीची काळजी कोणी घेतली, या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली तरच ते विधान ग्राह्य मानावे.

समारोप :
महाविद्यालयीन संघाची पुनर्बांधणी तर दर तीन वर्षांनी अपरिहार्यच असते, कारण अनुभवी विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील पहिल्याच फेरीतील पराभव पाहून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला वगळणे सोपे असते. त्याला दुसरी संधी देणे हे शिक्षकाचे काम आहे. गुणतक्ता संघाचे स्थान सांगतो. संघाची दिशा मात्र त्यात कोण खेळले आणि काय शिकले, यावरून कळते.