प्रिटियर

प्रिटियर हे जावास्क्रिप्ट व तिच्याशी संबंधित भाषांमधील कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. अशा साधनांना कोड फॉर्मॅटर म्हणतात. अनियमित इंडेंटेशन, लांबलचक ओळी, कोठे एकेरी तर कोठे दुहेरी अवतरणचिन्हे असा विस्कळीत कोड ते ठरावीक नियमांनुसार पुन्हा लिहून काढते. असे करताना कोडचे दृश्य स्वरूप बदलते. तो चालवल्यावर मिळणारा परिणाम बदलत नाही. जेम्स लाँग यांनी जानेवारी २०१७ मध्ये हे सॉफ्टवेअर जाहीर केले. ते एमआयटी परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. या भाषेत किती जागा सोडावी व ओळ कोठे मोडावी यावर फारसे बंधन नाही. पायथनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र विधानांचे गट महिरपी कंसांनी ठरतात. त्यामुळे संपूर्ण प्रोग्रॅम एकाच ओळीत लिहिला तरी ब्राउझर तो चालवू शकतो. संकेतस्थळे लवकर उघडावीत म्हणून कोडमधील रिकाम्या जागा व टिप्पण्या काढून टाकण्याची मिनिफिकेशन ही पद्धत याच गुणावर आधारलेली आहे.

संगणकाला चालणारी ही मोकळीक वाचणाऱ्याला अडचणीची ठरते. माणूस कोड वाचताना कंस मोजत नाही; ओळी कोठून सुरू होतात हे पाहून तो रचना समजून घेतो. मांडणी व प्रत्यक्ष रचना यांत विसंगती असेल, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. २०१४ साली ॲपलच्या आयओएस प्रणालीत उघडकीस आलेला ‘गोटू फेल’ हा सुरक्षादोष याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो कोड सी भाषेतील होता. त्यात एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ अटीच्या आत असल्यासारखी दिसत होती, पण ती अटीच्या बाहेर होती. परिणामी सुरक्षित जोडणीच्या तपासणीतील महत्त्वाचा टप्पा वगळला जात होता. त्या कोडची मांडणी फॉर्मॅटरने केली असती, तर ती ओळ डावीकडे सरकून चूक नजरेस येण्याची शक्यता वाढली असती.

इतिहास

कोडची सुबक मांडणी करणारी साधने जुनी आहेत. डेरेक ऑपेन यांनी १९८० साली या विषयावरील एक महत्त्वाची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. पुढे फिलिप वॉडलर यांनी ‘अ प्रिटियर प्रिंटर’ या निबंधात वेगळी पद्धत मांडली. प्रिटियर तिच्यावर आधारलेले आहे. गो या भाषेसोबत मिळणाऱ्या गोएफएमटी या साधनाने संपूर्ण भाषेसाठी एकच मांडणी वापरण्याचा पायंडा पाडला. जावास्क्रिप्टसाठी जेएस ब्युटिफायर हे साधन प्रिटियरच्या आधीपासून वापरात होते. ते मुख्यतः रिकाम्या जागा व इंडेंटेशन सुधारते. प्रिटियरच्या सुरुवातीच्या विकासात फेसबुकमधील अभियंता क्रिस्तोफर शेदो यांचा मोठा वाटा होता. जुलै २०२३ मध्ये प्रिटियरची ३.० ही आवृत्ती आली.

कार्यपद्धती

प्रिटियर आधी संपूर्ण कोड वाचून त्याचा रचनावृक्ष तयार करते. कोणते विधान कोणत्या फंक्शनमध्ये आहे, कोणती क्रिया आधी होते, ही माहिती या वृक्षात असते. मूळ मांडणी बहुतांशी टाकून दिली जाते. त्यानंतर वृक्षावरून कोड नव्याने लिहिला जातो. एखादा गट ८० अक्षरांच्या ओळीत मावत असेल, तर तो एकाच ओळीत ठेवला जातो. मावत नसेल, तर सर्वांत बाहेरचा गट आधी मोडला जातो आणि आतील गटांसाठी हीच तपासणी पुन्हा केली जाते. उदाहरणार्थ, फंक्शनला दिलेली तीन मूल्ये एका ओळीत मावली नाहीत, तर सामान्यतः प्रत्येक मूल्य स्वतंत्र ओळीवर येते.

जावास्क्रिप्टमध्ये काही ठिकाणी ओळ मोडल्याने अर्थ बदलतो. ‘रिटर्न’ या शब्दानंतर लगेच नवी ओळ आली, तर भाषा तेथे अर्धविराम गृहीत धरते आणि पुढच्या ओळीवरील मूल्य परत दिले जात नाही. असा कोड मिळाल्यास प्रिटियर ‘रिटर्न’नंतर अर्धविराम लिहून मूल्य वेगळे विधान म्हणून दाखवते. चूक दुरुस्त होत नाही, पण ती उघड होते. ‘आणि’ व ‘किंवा’ या अर्थाच्या क्रिया एकत्र आल्यास ते गोल कंस घालून क्रम स्पष्ट करते.

पर्यायांची संख्या

प्रिटियरमध्ये पर्याय हेतुपुरस्सर कमी ठेवले आहेत. ओळीची लांबी, इंडेंटेशनची रुंदी, अर्धविराम, अवतरणचिन्हांचा प्रकार अशा मोजक्या गोष्टी बदलता येतात. मांडणीवरून सहकाऱ्यांमध्ये होणारे वाद संपावेत आणि कोड तपासताना लक्ष तर्काकडे राहावे, हा यामागील उद्देश आहे. कोडचा एखादा भाग तसाच ठेवायचा असल्यास विशिष्ट टिप्पणी लिहून तो वगळता येतो.

मर्यादा

वाक्यरचनेत चूक असलेल्या कोडचा रचनावृक्ष तयार होत नाही. म्हणून प्रिटियर त्याची मांडणी करीत नाही. मिनिफिकेशनमध्ये काढून टाकलेल्या टिप्पण्या आणि एका अक्षरावर आणलेली चलांची मूळ नावे त्यास परत मिळवता येत नाहीत. तर्कातील चुका शोधणे हेही त्याचे काम नव्हे. काही संभाव्य चुका दाखवण्यासाठी ईएसलिंटसारखी वेगळी साधने वापरली जातात. जुन्या प्रकल्पात ते प्रथम चालवल्यास हजारो ओळी एकदम बदलू शकतात आणि कोणती ओळ कोणी व का लिहिली याचा माग काढणे कठीण होते. अशी नोंद इतिहास पाहताना वगळण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. सुवाच्य कोड बरोबर असतोच असे नाही. तो तपासणे मात्र सोपे जाते.